वाट्या बदलल्यावर मांडी येते का?

दिवाळी अंकात गुडघ्याच्या व्यायामांवर दोन पानं लिहिली आणि संपादकांनी परवा पत्रांची पिशवीच माझ्या हातात ठेवली. साठी ओलांडलेल्यांची पत्रं येणार हे धरूनच चालले होते. पण निम्म्याहून जास्त पत्रं चाळिशी-पन्नाशीतल्यांची निघाली, आणि सगळी फिरून फिरून एकाच दारात उभी: एवढ्या लवकर गुडघा बदलून घ्यावा, की साठीपर्यंत ओढावं? म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठी.

नव्या वाचकांना एवढंच सांगते, की मी सर्जन नाही, फिजिओ आहे. सव्वीस वर्षं बेळगावात आणि आसपासच्या गावांत स्कूटरवरून पेशंटच्या घरी जाते. सर्जन गुडघा दीड-दोन तास बघतात, मी तीन-तीन महिने बघते. न्हाणीत, जिन्यावर, देवघरासमोर. माझी उत्तरं तिथून दिसलेली आहेत, तशीच वाचावीत.

"ताई, वय ४३. खानापूर तालुक्यात आमची चार एकर भातशेती. अकरा वर्षं झाली, आमवात आहे. दोन्ही गुडघे सुजतात, उजवा तर वाकडाच राहिलाय, सरळ होत नाही. रात्री कुशीवर वळताना कळ येऊन जाग येते. एका डॉक्टरांनी वाट्या बदला म्हटलं, दुसऱ्यांनी साठीपर्यंत थांबा म्हटलं. सासूबाई म्हणतात, तरण्या बाईनं पाय कापून घ्यायचा म्हणजे काय? मला विचारायचंय ते हे, की मांडी घालून बसता येईल का? आणि करायचंच तर सुगी झाल्यावर करू काय?" — स. भ.

स. भ. ताई, आधी माझीच एक चूक सांगते. धंद्यात नवी होते तेव्हा तुमच्यासारखाच आमवात असलेली एक बाई माझ्याकडे यायची. वय ३८. तिनं विचारलं तेव्हा कॉलेजात ऐकलेलं वाक्य मी जसंच्या तसं तिच्या हातावर ठेवलं: "अजून तरुण आहात, थांबा." ती थांबली, नऊ वर्षं. मग शस्त्रक्रिया झाली, एक्स-रे असा सुरेख की भिंतीवर लावावा. पण नऊ वर्षांत मांडी काठीसारखी वाळली होती आणि घोट्यापर्यंतचे सांधे आखडले होते. गुडघा नवा, पाय जुना. दुखणं गेलं, पण ती परड्याच्या पलीकडे फारशी कधी गेली नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पाय ज्या अवस्थेत असतो, त्यावर नंतरचं बरंच ठरतं. "थांबा" हा सल्ला फुकटचा नसतो, त्याचीही किंमत मोजावी लागते. तेव्हापासून मी तो शब्द जपून वापरते.

मग साठी हा आकडा आला कुठून? आपल्याकडे बहुतेकांना गुडघा बदलतात हे कळलं ते वाजपेयींमुळे. २००० साली मुंबईत त्यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी उजवा. करणारे डॉक्टर चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते, आणि आज जगभर जो गुडघा बसवतात त्याचं १९७४ सालचं मूळ रूप ज्यांनी घडवलं त्यांतले ते एक. पण वाजपेयी तेव्हा पंचाहत्तरीचे होते. त्या वयात बसवलेला गुडघा माणसाला शेवटपर्यंत पुरतो. तुमच्या गुडघ्याला अजून चाळीस वर्षं काढायची आहेत, अडचण तिथं आहे.

आकडे सांगते, कारण दवाखान्याच्या फ्लेक्सवर अर्धेच असतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून हिशेब आला: पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. उत्तम. पण त्या नोंदींत बहुतेक माणसं वयस्क. त्याच नियतकालिकात २०१७ साली ब्रिटनमधल्या पेशंटांचा हिशेब वयाप्रमाणे मांडला होता. सत्तरीनंतर केलेल्यांना आयुष्यात पुन्हा गुडघा उघडावा लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांत तीच ३५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे तिघांत एक. बायकांत त्याहून बरीच कमी. आणि दुसऱ्यांदा बसवलेला गुडघा पहिल्याइतका टिकत नाही. हाड कमी उरलेलं असतं, त्यामुळे लांब दांड्याचा, मोठा सांधा घालावा लागतो.

अजून एक गोष्ट त्याच अभ्यासात आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. साठीच्या आत सांधा बदलून पुढे तो पुन्हा उघडावा लागला, अशा लोकांत निम्म्यांची दुसरी वेळ साडेचार वर्षांच्या आतच आली होती. तेवढ्यात नव्या सांध्यातलं प्लास्टिक झिजत नाही. लवकर बिघडतं ते जंतुसंसर्गानं, आखडल्यानं, सैल बसल्यानं, नाहीतर दुखणं मुळात दुसरंच असल्यानं. म्हणून "किती वर्षं टिकेल?" यापेक्षा "पहिल्या दोन वर्षांत काय बिघडू शकतं आणि ते टाळायला मी काय करू?" हे डॉक्टरांना विचारा.

तुमच्या बाबतीत तराजू थोडा वेगळा आहे. वर दिलेले आकडे मुख्यतः झिजेच्या संधिवाताचे. आमवातात आजार सांध्याच्या आतल्या अस्तराचा, तो कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण खातो. वयाशी त्याचं देणंघेणं नाही. आमवाताच्या पेशंटची धावपळ आधीच कमी असते, म्हणून बसवलेल्या सांध्यावर झीज कमी पडते, आणि दुखणं गेल्याचं समाधानही मी याच लोकांच्या तोंडावर सगळ्यात जास्त बघितलंय. रात्रीची झोप मोडते आणि पाय सरळ होत नाही, या तुमच्या दोन खुणा माझ्या दृष्टीनं ४३ या आकड्यापेक्षा मोठ्या आहेत.

पण सर्जनच्या आधी सांधेवाताच्या डॉक्टरांना भेटा. मिथोट्रेक्सेट किंवा आमवात आवरणारं तसलं औषध नीट चालू आहे का? ती गोळी आठवड्यातून एकदाच असते; रोज खाल्ली तर जिवावर बेतते, आणि अशी गफलत होते. तुम्ही लिहिलंय की मधली तीन वर्षं एका वैदूची "पांढरी पुडी" घेत होता आणि तिनं झटक्यात गुण यायचा. झटक्यात गुण येणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा, लाजू नका. लपवलं तर धोका तुमच्याच जिवाला. शस्त्रक्रियेच्या काळात मिथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात; महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं असतील तर ती काही काळ थांबवतात. आणि मानेचा एक्स-रे काढायला सांगा. गुडघ्यासाठी मान कशाला, असं वाटेल, पण जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात आणि भूल देताना मान वाकवावी लागते.

आता पाय बघा. गुडघा नव्हे, तळपाय. भाताच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या बोटांत चिखल्या असतात, टाचांना भेगा. त्यातूनच जंतू वर चढतात. साधारण शंभरात एक-दोघांच्या नव्या गुडघ्यात जंतू शिरतात, आमवातात त्याहून थोडे जास्त, आणि एकदा धातूवर जंतू बसले की ते काढणं म्हणजे जवळपास पहिल्यापासून सगळं. महिनाभर आधी रोज रात्री पाय धुऊन, बोटांमधली जागा कोरडी करून, भेगांना मलम लावून झोपा. किडलेली दाढ असेल तर आधी काढून घ्या. लघवीला जळजळ असेल तर तेही.

मांडीचं. सरळ बोलते. चालायला गुडघा साधारण ६५-७० अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८५ च्या आसपास, खुर्चीतून उठायला ९५ धरा. मांडी घालायला, उकिडवं बसायला त्याच्या फार पुढे, १३० वगैरे. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२० वर येऊन थांबतो. आधीच आखडलेला असेल तर त्याहून अलीकडे. काहीजणी मांडी घालतात, मी बघितल्यात, पण डॉक्टर "घालू नका" म्हणतात ते प्लास्टिकच्या कडेवर जोर येतो म्हणून. गुडघा दुखणं जावं म्हणून बदलतात, जमीन परत मिळावी म्हणून नाही. हे आधीच मनाशी धरलं, तर मागाहून पस्तावायची वेळ येत नाही.

यातली अवघड बाजू दुखण्याची नसते, लोकांची असते. हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि तुम्ही एकट्या खुर्चीत. कडोलीकडची एक पेशंट मला म्हणाली होती, "काय ओ ताई, मी काय पाटलीण झाली काय, वर बसून कुंकू घ्यायला?" तिनं शेवटी दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर उशी बांधली आणि सगळ्यांच्या रांगेत बसायला लागली. गुडघा ९५ च्या पुढे जात नव्हता, पण रांग सुटली नाही. न्हाणी-संडासाचं मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच उरका. कमोड बसवता आला तर उत्तम, नाहीतर भोक असलेली खुर्ची देशी भांड्यावर ठेवता येते.

सुगी झाल्यावर करा, हो. जानेवारीत केलंत तर मृगापर्यंत पाच महिने मिळतात. पण पहिल्या वर्षी रोप लावायला उतरायचं नाही. वाकण्याची भीती नाही, ते कमरेतून असतं. भीती आहे चिखलात रुतलेला पाय पिळून उपटण्याची. ते काम मजुरीनं द्या आणि हा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चात आधीच धरा. दोन्ही गुडघे वाकडे असतील तर दोन्हींचा विचार एकदमच करायला सर्जनना सांगा. एकच सरळ केला तर दुसरा वाकडा पाय त्याला पुन्हा वाकवत नेतो.

घरी आल्यावर एक भांडण होणार, ते आत्ताच सांगून ठेवते. घरातलं कुणीतरी मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवेल, कारण तसं ठेवलं की बरं वाटतं. ती उशी काढून फेकायची. वाकलेल्या अवस्थेत बरा झालेला गुडघा वाकडाच राहतो. उशीच्या जागी पंचा घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेवायचा, गुडघा मोकळा सोडायचा आणि मांडी आवळून तो खाली दाबायचा. पाच सेकंद दाबायचा, सोडायचा. पहिले पंधरा दिवस डोळ्यांतून पाणी येईल. सासूबाईंना हे वाचून दाखवा, म्हणजे त्या मला शिव्या देतील, तुम्हाला नाही.

"वय ४७, वजन ९६ किलो. निपाणीत होलसेल दुकान. तरुणपणी कबड्डी, त्यात उजव्या गुडघ्याची गादी फाटली, २००१ साली काढून टाकली. आता आतल्या बाजूनं हाडाला हाड लागलंय, पाय धनुष्यासारखा झालाय. एक डॉक्टर म्हणतात अर्धा बदला, दुसरे म्हणतात पूर्ण, तिसरे म्हणतात हाड कापून पाय सरळ करा. कोणाचं ऐकू? मला पुन्हा मैदानावर उतरायचंय, निदान पोरांना शिकवायला."

तिघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय, हे आधी मनातून काढा. तिन्ही मार्ग खरे आहेत, माणूस बघून बदलतात.

झीज फक्त आतल्या कप्प्यात असेल, गुडघा छान वाकत असेल आणि कामधंदा दणकट असेल, तर तुमच्या वयात हाड कापून पाय सरळ करण्याचा पर्याय मी गंभीरपणे घेईन. नडगीच्या हाडाला वरच्या बाजूला छेद देऊन, तिरकी पाचर उघडून पट्टी बसवतात. वजन झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर सरकतं. स्वतःचा सांधा राहतो. उडी, पळणं, मांडी यांची बंदी तेवढी कडक राहत नाही. नीट निवडलेल्या पेशंटला त्यानं बहुतेक वेळा दहाएक वर्षं मिळतात, आणि पुढे बदलायची वेळ आलीच तर तेव्हा तुम्ही सत्तावन्न असाल, सत्तेचाळीस नाही. तोटा हा, की हाड जुळेपर्यंत सहा-आठ आठवडे कुबड्या आणि नंतरही काही महिने दुखरेपणा. तंबाखू-सिगारेट चालू असेल तर हाड जुळायला अडून बसतं. तंबाखूच्या पेठेतल्या निपाणीकराला हे सांगताना मला जरा हसू येतंय, पण सोडा.

अर्ध्या गुडघ्यात, म्हणजे झिजलेला कप्पाच तेवढा बदलला तर, हालचाल जास्त मोकळी मिळते, पेशंट "हा माझाच वाटतो" म्हणतात, आणि सावरायलाही लवकर सावरतात. पण वर ज्या पंचवीस वर्षांच्या नोंदी सांगितल्या, त्यांत अर्धे गुडघे ७० टक्के टिकले, पूर्ण ८२. पाय फारच धनुष्यासारखा असेल किंवा पुढचा स्नायुबंध तुटलेला असेल तर अर्धा बसवत नाहीत. कबड्डीत तो तुटला होता का, हे एमआरआयवर बघून घ्या. आणि एक्स-रे झोपून काढला असेल तर परत उभं राहून, दोन्ही पायांवर भार देऊन काढा. झोपलेल्या गुडघ्यात फट दिसते, उभ्या गुडघ्यात ती नाहीशी होते. अर्धे वाद या एका एक्स-रेनं मिटतात.

पूर्ण बदललात तर मैदानावर शिट्टी वाजवत चालायचं, डाव टाकायचा नाही.

वजनाचं बोलल्याशिवाय राहवत नाही. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, असं मोजून बघितलेलं आहे. तुम्ही दहा किलो उतरवलंत तर कदाचित या तीन डॉक्टरांपैकी एकाचीही गरज वर्षभर लागणार नाही. दुकानातल्या गादीवर दिवसभर मांडी घालून बसता, तिथे उंच स्टूल आणा. आणि हो, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर तीन महिने तरी गुडघा बदलायचा नसतो. जंतू लागण्याचा धोका वाढतो. सर्जनना तारीख सांगा.

"मी ४९ वर्षांचा. वडगावात यंत्रमागावर कामाला. आठ महिन्यांमागं डावा गुडघा बदलला. दुखणं पहिल्यापेक्षा कमी आहे, पण गुडघा माझा वाटत नाही. टकटक वाजतो, बाहेरची बाजू बधिर, संध्याकाळी गरम लागतो. डॉक्टर म्हणतात एक्स-रे छान आहे. मग मी वेडा आहे काय?"

वेडे नाही आहात. तुमच्यासारखे बरेच आहेत, पण फ्लेक्सवर त्यांचा फोटो लावत नाहीत.

गुडघा बदललेल्या साधारण पाचांतला एक जण नंतर म्हणतो, हवं तसं झालं नाही. तरुणांत तक्रारी जास्त दिसतात. २०१४ साली अमेरिकेत साठीपर्यंतच्या सहाशेहून जास्त पेशंटांना विचारलं, तेव्हा दहांतले नऊ जण दुखणं कमी झाल्यावर खूश होते. पण "गुडघा नेहमीसारखा वाटतो" म्हणणारे तिघांत दोनच होते, आणि निम्म्याहून जास्त जणांना जिन्यावर अडचण होती. याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा नाही. सत्तर वर्षांचा माणूस देवळापर्यंत चालता आलं की हात जोडतो. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाला आपला जुना पाय आठवत असतो, तो त्याच्याशीच तुलना करतो.

बधिरपणा: काप घेताना त्वचेला जाणीव देणारी एक बारीक नस कापली जाते, ती टाळता येत नाही. हाताच्या पंजाएवढी जागा बधिर राहते, हळूहळू आकसते, थोडी कायमची राहते. टकटक: धातू प्लास्टिकवर टेकल्याचा आवाज आहे. दुखत नसेल तर तो आवाज म्हणजे घराच्या दाराचा आवाज, सवय होते. संध्याकाळची ऊब आणि थोडी सूज वर्षभरापर्यंत राहू शकते, आणि तुम्ही आठ तास सिमेंटवर उभे असता.

काळजी कशाची करायची, तेही सांगते. रात्री झोपेत ठणकणं, ताप, जखमेतून पाणी, दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं, पायरी उतरताना गुडघा दगा देणं. यातलं एकही असेल तर "एक्स-रे छान" यावर समाधान मानू नका. एक्स-रेमध्ये जंतू दिसत नाहीत. सीआरपी आणि ईएसआर या आतली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या मागा; त्या वाढलेल्या असल्या तर गुडघ्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. खुबा आणि कंबरही बघायला सांगा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, आणि तसं असून गुडघा बदललेला एक माणूस मला माहीत आहे.

तुमची मांडी मोजा. टेप घ्या, वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर दोन्ही पायांचा घेर घ्या. दोन सेंटिमीटरचा फरक निघाला तर अजून स्नायू परत आलेला नाही, आणि "गुडघा माझा वाटत नाही" याचं निम्मं कारण तिथं सापडेल. बहुतेकजण तीन महिन्यांनी व्यायाम सोडतात. माझे वडील वडगावातच हातमागावर होते, खड्ड्यात पाय सोडून बसायचे. नव्या गुडघ्याला ती बैठक फार सोयीची. ९० अंश, पायाला हलकी ये-जा. यंत्रमागावर तुम्ही दिवसभर उभे. दर तासाला पाच मिनिटं स्टुलावर बसून पाय सरळ उचला, वीस वेळा. मालक ओरडले तर माझं नाव सांगा.

"पैशाचं काय? कुठली योजना लागू होते? आणि रोबोनं करावं का? रोबोवाले गुडघा जास्त टिकतो म्हणतात." — तीन-चार पत्रांतून

थोडक्यात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला वरची मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. त्याआधी हाच सांधा लाखाच्या वर लावला जायचा. म्हणून बिलात सांध्याची ओळ वेगळी मागा आणि डब्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. पुढे कधी पुन्हा उघडायची वेळ आली तर सांधा कुठल्या मापाचा, कुठल्या कंपनीचा हे त्या स्टिकरवरून कळतं. तरुण पेशंटनं ते घराच्या कागदपत्रांत ठेवावं.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आधी सिव्हिलमध्ये दाखवा आणि तिथल्या आरोग्यमित्राशी, म्हणजे योजनेच्या मदतनिसाशी बोला. थेट खासगीत भरती झालात तर नंतर कागद जुळत नाहीत. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा निर्णय घेतला, त्यावर इकडे वादही झाला. कोल्हापूरच्या बाजूला जाणार असाल तर भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गावाचं नाव सांगून विचारा, भरती झाल्यावर नको.

बहुतेक रोबो स्वतःहून कापत नाहीत, मापं घेतात आणि हात थरथरू देत नाहीत. मापं नेमकी येतात हे खरं. पण त्यामुळे पंधरा-वीस वर्षांनी गुडघा जास्त टिकतो असा पुरावा अजून नाही, कारण तेवढी वर्षंच झालेली नाहीत. सर्जन महिन्याला किती गुडघे करतो, हे रोबोपेक्षा आधी विचारा.

संमतीपत्राबद्दलही एका बाईंनी लिहिलंय: कागद कानडीत आणि इंग्रजीत, त्यांना दोन्ही येत नाही, नर्सनं "सही करा" म्हटलं आणि त्यांनी केली. ताई, कानडी वाचणारी शेजारीण आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे. आदल्या दिवशी कागद घरी मागा आणि तिच्याकडून वाचून घ्या. त्यात जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, आखडणं, पुन्हा शस्त्रक्रिया हे चार शब्द कुठे आहेत, ते बोट ठेवून बघा.

"ताई, वय ५१, शहापूर. डॉक्टरांनी पूर्ण गुडघा सांगितलाय, तारीख ठरली. पण आईनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोललाय, ऑपरेशन नीट झालं तर मी दंडवत घालत देवळाला फेरी घालीन म्हणून. जमेल का?"

नव्या गुडघ्यावर टेकल्यानं तो मोडत नाही. पण टेकवत नाही. बधिर कातडीवर दगडाची फरशी लागली की बहुतेकांना कसंतरीच होतं, आणि दंडवतातून उठताना सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. सहा महिन्यांनंतर घरी, जाड घोंगडीवर, पलंगाला धरून टेकून बघा. जमलं तर दोन पंचे गुडघ्याला बांधून पाच दंडवत घाला, पूर्ण फेरी नको.

माझ्या एका पेशंटनं अशाच नवसाबद्दल थेट पुजाऱ्यालाच विचारलं होतं. पुजारी म्हणाले, "आईला पाय दिसला पाहिजे, गुडघा टेकलेला नको." मग तो फेरी चालत घालून आला, आणि येताना मला बेळगावात कुंदा देऊन गेला. तुमच्या आईंना एवढं पटतंय का बघा.